पगारे मावशीची मॅचभिशी

टीव्हीवर क्रिकेटची मॅच लागली की आमच्या होस्टेलातल्या बाकीच्या मुली खेळाडू बघतात आणि मी गर्दी बघते. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरायला लागला की हातातलं ताट खाली ठेवून पडद्याजवळ जाते. परवा एकीने विचारलंच, "तुझं कोणी बसलंय का तिथं?" इथे गुजरातेत माझं कोणी नाही, आणि त्या गर्दीतही असण्याची शक्यता कमीच. तरी मी "हो" म्हणून गेले. मग कोण, कुठली, तुझी काय लागते, हे सांगता सांगता भात गार झाला. सांगून संपलं नाही म्हणून लिहायला बसले.

मी मूळची किनवटकडची. नववीनंतर शाळा सुटली आणि काही वर्षांनी नाशकात, अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. खोली मिळाली ती पगारे मावशीच्या घरामागची. मावशी महापालिकेच्या शाळेत शिपाई होती, निवृत्त झालेली. तीन-तीन वर्गांची पोरं ती छडीशिवाय, नुसत्या आवाजावर रांगेत उभी करायची म्हणे. मी ते पाहिलं नव्हतं, पण आवाज ऐकला होता. कॉलनीच्या या टोकाला ती "दूध उतू गेलं!" म्हणाली, की त्या टोकाच्या चार बायका आपापला गॅस बंद करायच्या.

माझा स्वभाव काळजीचा. कुलूप लावलं तरी परत येऊन ओढून बघायचं, बसमध्ये बसलं की ड्रायव्हर झोपला तर काय, गावाकडून फोन आला की उचलायच्या आधी कोण गेलं असेल ते मोजायचं. पहिल्या महिन्यातल्या सुट्टीच्या दिवशी मी खोलीत बसून अशीच कसलीतरी काळजी करत होते. मावशीने दार वाजवलं नाही, उघडलंच.

"काय करतेस गं किनवट?" नावाने तिने मला कधी हाक मारली नाही.

"काही नाही मावशी. बसलेय."

"बसून काळजी केली की वजन वाढतं. चल, मैदानावर करू."

गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजीचा सामना चालू होता. आत जायला तिकीट नाही हे तिने मला वाटेत अशा थाटात सांगितलं, की जणू तिनेच ते माफ करून घेतलंय. आम्ही सीमारेषेजवळच्या मांडवात बसलो. मी विचारलं, "मावशी, बॅटिंग कोण करतंय?"

"असेल कोणीतरी. तू हा बघ." तिने समोर, आमच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या एका पोरगेल्या खेळाडूकडे बोट दाखवलं. "हा आपला. जो आपल्यासमोर उभा राहतो तो आपला. कुठल्या का टीमचा असेना."

मावशीची क्रिकेट बघण्याची हीच पद्धत. चेंडू टीव्हीत दिसतो, मैदानात माणसं दिसतात, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी ऊन कडक होतं आणि आमच्या वाट्याच्या खेळाडूने टोपी मागे ढकलली होती. मावशीने दोन षटकं सहन केलं. तिसऱ्याला उभी राहिली.

"ए बाळा! टोपी नीट घाल! डोकं दुखेल संध्याकाळी!"

मैदानावर एक क्षण सगळं थांबलं. पंचांनी वळून पाहिलं. गोलंदाज धावत येता येता थबकला. आणि त्या परप्रांतातल्या पोराने, त्याला मराठी येत असेल-नसेल, निमूटपणे टोपी कपाळावर ओढली. सगळा मांडव हसला. मीही हसले, पोट दुखेपर्यंत. नाशकात आल्यापासून पहिल्यांदा.

कॉलनीत मावशीची एक भिशी होती. बायकांच्या भिशीतून मिक्सर येतो, फार तर पैंजण. मावशीच्या भिशीतून माणूस मॅचला जायचा. नाशकातली मॅच फुकट, पण मोठी मॅच म्हणजे मुंबईकडे जायचं: तिकीट, एसटी, वरचं खाणं. आमच्यासारख्या घराला ते एकट्याने परवडणारं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी थोडंथोडं घालायचं, मोसमातून एकदा कुकरच्या भांड्यात चिठ्ठ्या टाकायच्या, आणि नाव निघेल त्याने सगळ्यांच्या वतीने जाऊन यायचं. अट एकच. पुढच्या रविवारी सकाळी, विहारातली वंदना झाली की समोरच्या पटांगणात बसून सगळ्यांना मॅच सांगायची. स्कोअर सांगायचा नाही, तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला असायचा. टीव्हीने जे दाखवलं नाही ते सांगायचं.

त्या सांगण्याचे परीक्षक निकम काका. एसटीत कंडक्टर होते, सायखेड्याकडचे. शुगरने डोळे गेले, पण बाकी काही कमी झालं नव्हतं. भिशीत ते पैसे भरायचे आणि आपल्या नावाची चिठ्ठी मात्र टाकू द्यायचे नाहीत. "मी ऐकणारा मेंबर हाय," म्हणायचे. मुलगा त्यांना गर्दीत पाठवायला तयार नव्हता, शुगर कधी उतरेल त्याचा नेम नव्हता. मावशीचं आणि त्यांचं रोज भांडण. ती त्यांना "ओ कंडक्टर" म्हणायची, ते तिला "पगारेबाई" म्हणायचे, आणि दोघांच्या मध्ये बसलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी साक्ष द्यावी लागायची.

काकांना फसवणं सोपं आहे असं एकदा संतोषला वाटलं. संतोष आमच्या कॉलनीतला रिक्षावाला. त्याचं नाव निघालं, तो निघाला, आणि कसारा घाटातल्या कोंडीत त्याची गाडी अशी अडकली की मॅच त्याने एका ढाब्याच्या टीव्हीवर पाहिली. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. रविवारी पटांगणात त्याने अशी मॅच सांगितली की ती प्रत्यक्षात झाली त्यापेक्षा चांगली वाटली. शेजारी कोण बसलं होतं, त्याच्या बायकोचं कोणाशी भांडण झालं, सगळं.

काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, "दुपारची मॅच ना? सावली होती का रं?"

"कसली सावली काका! भाजून निघालो दिवसभर!"

"पगारेबाई, मान बघा त्याची."

मावशीने संतोषची कॉलर धरून मान वाकवली. "बघा रे सगळे! काकडीसारखी गार आहे!"

पटांगणात जो हशा झाला त्यात संतोषची बायको सगळ्यात पुढे. दंड म्हणून पुढच्या रणजी सामन्याला त्याने काकांना रोज रिक्षातून मैदानावर न्यायचं ठरलं, आणि त्याने ते इतक्या प्रेमाने केलं की पुढे ती चालच पडली. काका तिथे बसून कान देऊन मॅच ऐकायचे.

पण त्यामुळेच त्यांना एक गोष्ट सलायची. मोठ्या मॅचहून जो येईल त्याला ते एकच विचारायचे, "आवाज कसा होता?"

"लय आवाज होता काका."

"लय म्हंजे?"

"लय म्हणजे... खूप."

काका हताश होऊन काठी आपटायचे. "लहान मैदानाचा आवाज मला ठाऊक हाय. मोठ्याचा कसा असतो एवढंच इचारतो, तर एकालाबी सांगता येत नाय. तोंडं कशाला दिली मग?" कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला. काकांनी कानाला लावला आणि परत केला. "हा पत्र्यावर वाळू ओतल्याचा आवाज हाय."

"मी गेले ना, की सांगीन," मावशी म्हणायची. "तुमच्या कानाचे पडदे धुऊन देईन, कंडक्टर."

"तुम्ही जाल तवा."

कारण मावशीचं नाव निघतच नव्हतं. भिशी तिची, हिशेब तिचा, भांडंही तिच्याच कुकरचं, आणि दर मोसमात चिठ्ठी दुसऱ्याची. एकदा सगळ्यांनी ठरवून तिला पाठवायचा बेत केला तर ती तीन दिवस कोणाशी बोलली नाही. "मला काय दयेवर पाठवता? निघेल तेव्हा जाईन." गुडघे मात्र वाट बघायला तयार नव्हते. ती पायरी चढताना आधी पायरीला शिवी द्यायची, मग चढायची.

आणि एका मोसमात निघालं. संतोषने चिठ्ठी उघडली, वाचली, आणि काही न बोलता रिक्षाचा भोंगा वाजवत सुटला. मावशीने पदर तोंडात धरला. मग पहिलं वाक्य बोलली ते असं: "माझे गुडघे एकटे जाणार नाहीत. किनवट येईल सोबत."

मी घाबरले. घाट, गर्दी, चेंगराचेंगरी, हरवणं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी म्हणाले, "मावशी, मला भीती वाटते."

"म्हणूनच तू. सगळी काळजी तू कर, मी मॅच बघते."

पण भिशीत तिकीट एकाचंच होतं. तेव्हा काका म्हणाले, "माझी इतक्या वर्षांची पाळी कुठं गेली? ती पोरीला द्या. पण मॅच सांगायची पगारेबाईंनीच. पोरीनं नाय. आणि सांगायचं काय, ते त्यांना ठाऊक हाय."

अख्ख्या पटांगणाने मावशीकडे पाहिलं. "ठाऊक आहे," ती म्हणाली. तेवढंच.

शनिवारी दुपारची मॅच होती. आम्ही पहाटेच निघालो. मावशीने दोन डबे भरले होते: एकात शेंगदाण्याचे लाडू, एकात बाजरीची भाकरी आणि ठेचा. घाटात मी डोळे मिटून घेतले आणि ती पुढच्या सीटवरच्या बाईला लाडूची कृती सांगत राहिली.

मैदानाच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने डबे उघडले.

"आई, खायचं आत नाही जाणार. त्या ड्रममध्ये टाका."

"अन्न? ड्रममध्ये?"

"नियम आहे. बाटली पण ठेवा."

मला वाटलं आता संपलं, आपल्याला परत पाठवणार. मी मावशीचा पदर ओढला. मावशी शांत होती. "बाळा, डब्यातून न्यायचं नाही असा नियम आहे ना? पोटातून नेलं तर चालेल?"

तो बिचारा विचारात पडला. "पोटातून... चालेल."

मावशी वळली. आमच्या मागे ही लांब रांग. तिने शाळेतला आवाज काढला, "रांग मोडायची नाही! एकेकाने हात पुढे!" आणि वाटायला सुरुवात केली. चेहरे रंगवलेली पोरं, गॉगलवाले साहेब, एक नवं लग्न झालेलं जोडपं, सगळ्यांनी शाळकरी पोरांसारखे हात पुढे केले. एकाच्या दोन्ही हातांत झेंडे होते. "आ कर," मावशी म्हणाली आणि लाडू सरळ त्याच्या तोंडात. ठेचा खाऊन जोडप्यातल्या नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्याची बायको इतकी खूश झाली की तिने मावशीसोबत फोटो काढला. शेवटची अर्धी भाकरी मावशीने रक्षकाला दिली. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि खाल्ली. मग आमची बॅग न तपासता म्हणाला, "जा आई. पाय सांभाळा."

आमचं तिकीट सगळ्यात स्वस्त, म्हणजे सगळ्यात वर. मावशी प्रत्येक पायरीला शिव्या देत जिना चढली. एका काळोख्या बोळातून आम्ही बाहेर आलो आणि एकदम समोर ते सगळं उघडलं. इतकं हिरवं मी शेतातही पाहिलं नव्हतं. आणि चहूबाजूंनी माणसं, माणसांच्या वर माणसं. मावशीने माझा दंड धरला.

"टीव्हीवाले अर्धंसुद्धा दाखवत नाहीत गं," ती म्हणाली. "चोर कुठले."

आत पाण्याची बाटली घेतली तर तेवढ्यात नाशकात दोघींची मिसळ झाली असती, वर पापड. मावशीने विकणाऱ्याला विचारलं, "हे काय ब्रह्मगिरीवरून गोदावरीचं धरून आणलंय का?" मग ती बाटली तिने मांडीवर घेतली आणि टोपणाटोपणाने आम्ही पाणी प्यायलो.

आमच्या वाट्याचा खेळाडू फार खाली होता, करंगळीएवढा. तरी मावशीने त्याला "आपला" म्हणून घेतला. पण थोड्या वेळाने बघते तर ती डोळे मिटून बसलेली. मी घाबरले. मागचा मुलगा म्हणाला, "आजींना ऊन लागलं वाटतं."

"गप रे," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "मी मॅच ऐकतेय."

"मावशी, एवढ्या महागाच्या तिकिटावर डोळे मिटून काय बसतेस?"

"कंडक्टरच्या तिकिटावर तू बसलीस. मग त्याचं कोण ऐकणार?"

अशी ती बसली. एक षटक डोळे उघडे, एक षटक मिटलेले. चौकार गेला की आमच्या भोवतीची सगळी माणसं उसळायची आणि मावशी मधोमध डोळे मिटून, मान थोडी तिरकी, जणू भाजणीचा वास घेते आहे. मग ऊन कलायला लागलं, खेळ मंदावला, आणि समोरच्या बाजूला कोणीतरी लाट सुरू करायचा प्रयत्न केला. एका बाजूने माणसं हात वर करत उठायची, मग त्यापुढची, मग त्यापुढची. पण लाट आमच्यापर्यंत येईना, मध्येच विरायची. तिसऱ्यांदा विरली तेव्हा मावशी उठली.

"हे असं नाही होणार," ती म्हणाली आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. "इकडे लक्ष! पहिली रांग, मी हात केला की उठायचं! दुसरी, त्यांच्या मागून! चष्म्यावाला, मोबाईल खिशात!"

मोबाईल खिशात गेला. माझा विश्वास बसत नव्हता. एवढी मोठमोठी माणसं हसत हसत सरसावून बसली. मावशीने हात फेकला, आरोळी ठोकली, आणि आमचा सगळा भाग उठला. लाट पलीकडे गेली, त्यापलीकडे गेली, समोर पोहोचली, आणि त्या अजस्र वाटोळ्याला वळसा घालून गर्जत परत आमच्याकडे आली. मावशीने तिला पुन्हा ढकललं. आणि पुन्हा. प्रत्येक वेळी अशी ओरडायची की माझ्या कानांत शिट्टी वाजायची. तिसऱ्या फेरीला ती हसत हसत माझ्या अंगावर कोसळली, डोळ्यांतून पाणी, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

वाटलं, बसला असेल, पाण्याने सुटेल. महागाचं सगळं पाणी पाजलं. परतीच्या गाडीत ज्येष्ठमध दिला. घरी मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध. रविवारी सकाळी मावशीच्या तोंडून नुसती हवा येत होती, फाटक्या भात्यासारखी. ज्या आवाजाला अख्खी कॉलनी गॅस बंद करायची तो पार गेला होता, आणि पटांगणात सगळे येऊन बसले होते. मधोमध खुर्चीवर निकम काका, स्वच्छ सदरा घालून.

"बोला पगारेबाई. आवाज कसा होता?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "काका, मावशीचा आवाज गेलाय. ओरडून ओरडून. खरंच."

काका हसले, मग त्यांना कळलं की गंमत नाही. त्यांचा चेहरा असा उतरला की बघवेना. "आसं व्हय," म्हणाले. "ऱ्हाऊ द्या मग."

मी पुढे झाले. "मी सांगते काका. तिथे... खूप मोठा..."

"लय मोठा," काका म्हणाले, रागाने नाही. "ऱ्हाऊ दे पोरी. बस."

तेव्हा मावशीने चप्पल काढून फरशीवर सटासट आपटली. सगळे वळले. तिने हाताने सगळ्यांना उठवलं. संतोषला आणि त्याच्या घरच्यांना एका कोपऱ्यात ढकललं, पोरांना दुसऱ्या, बायकांना तिसऱ्या, मला आणि उरलेल्यांना चौथ्या. काकांची खुर्ची तिथेच मध्ये राहिली. मग ती काकांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात खाली धरून बोटं नुसती हलवली.

आम्हाला कळेना. तिने ओठ हलवले: बोला. आपापसात बोला. आम्ही कुजबुजायला लागलो, भाजीचं, पाण्याचं, वाटेल ते. काकांनी मान उचलली. मावशीचे हात हळूहळू वर येऊ लागले, तशी कुजबुज वाढली. म्हणजे गोलंदाज धावत येत होता. टाळ्या एकेक, मग जवळजवळ, मग मावशीने तळहात आडवा कापला.

चिडीचूप. विहाराच्या छपरावरचं कबूतर तेवढं घुमलं.

आणि तिने दोन्ही हात आभाळात फेकले. आम्ही ओरडलो. असे ओरडलो की पलीकडच्या इमारतीतली माणसं खिडक्यांत आली. काका खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. मावशीने पुन्हा सगळं खाली आणलं, पुन्हा धाव, पुन्हा शांतता, पण या वेळी हात वर गेले नाहीत. तिने मूठ मिटली आणि छातीशी धरली. कोणी श्वास सोडला नाही.

"गेला," काका हळूच म्हणाले. "आपला गेला ना?"

मावशीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच. मग एकदम संतोषच्या कोपऱ्याकडे बोट रोखलं. तो कोपरा गर्जला. मग पोरांकडे. मग बायकांकडे. मग आमच्याकडे. आवाज काकांच्या भोवती फिरायला लागला, आणि काकांची मान त्याच्याबरोबर फिरायला लागली, डावीकडून मागे, मागून उजवीकडे, तोंड उघडं, गाल वर. "आला," ते म्हणत होते, "हा आला, हा गेला, आरं तिकडं गेला!"

पुढच्या महिन्यात कंपनीने आमची पॅकिंगची लाइन इकडे गुजरातेत हलवली आणि मी नाशिक सोडलं. निघताना मावशीने फाटकापर्यंत येऊन कायकाय सांगितलं असेल, तेव्हा तिचा आवाजही परत आला होता. पण आठवायला बसले की ती मला त्या रविवारचीच दिसते. लाटेच्या तिसऱ्या फेरीला निकम काका कोणी न सांगता काठी टाकून उभे राहिले, दोन्ही हात वर, आणि आमच्या सगळ्यांच्या आधीच ओरडले. लाट चुकली. पोरं खिदळली. आणि त्यांच्या मागे मावशी, पदर सुटलेला, गुडघ्यांवर हात टेकून वाकलेली, हसते आहे, हसतेच आहे, आणि तिच्या तोंडून जराही आवाज येत नाही.